सतरा नंबरची बाटली

दवाखान्यातली माणसं धनीबाईला तिच्या माघारी 'सतरा नंबरवाली' म्हणत. एखादा धीट असला तर तोंडावरही म्हणे. ती रागावत नसे. हातातलं काम ठेवून वळे आणि "काय पायजे?" एवढंच विचारी. यात हसण्यासारखं काय होतं ते हसणाऱ्यांनाच ठाऊक. तिच्या तांड्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उभ्या जन्मात जे नाव ओठांवर आलं नव्हतं त्याच्या जागी कोणी एक आकडा आणून दिला, तर तिला तो सोयीचाच वाटला असणार.

नवऱ्याचं नाव किसनसिंग. आर्णीपासून दोन कोसांवर धावजी नाईकाचा तांडा आहे, तिथला तो. त्याच्या आजा-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. ते दिवस केव्हाच सरले. किसनसिंगच्या वाट्याला आली दहा-बारा एकर काळी जमीन. त्यात कापूस, ज्वारी आणि तूर. पण गडी चाले असा, की मागून अजून शंभर बैल येत आहेत. आणि खाण्याचे नखरे तर विचारू नका. डाळ अशी शिजली पाहिजे की दाणा बोटाला लागता कामा नये, ही त्याची एकच मागणी, आणि ती पुरी करता करता बायकोच्या टाचा झिजल्या.

कारण तांड्यातल्या विहिरीचं पाणी जड. त्यात तुरीची डाळ घालून दिवसभर लाकडं जाळा, डाळ आपली टणकच्या टणक. साबणाला फेस येत नसे, हंड्याच्या तळाला पांढरा थर धरे. बाकीच्या बायकांनी हे नशिबाचं म्हणून सोडून दिलं. धनीबाईनं नाही सोडलं. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं अरुणावतीच्या पात्रात झिरा शोधून काढला. वाळूत हातभर खड्डा उकरायचा, गढूळ पाणी उपसून टाकायचं आणि तळातून हळूहळू जे नितळ वर येतं ते वाटीवाटीनं घागरीत भरायचं. जायला पाऊण कोस, यायला पाऊण कोस. पावसाळ्यात नदी गढूळली की ती पागोळ्यांखाली भांडी मांडून ठेवी. असं वीस-बावीस वर्षं चाललं.

डाळीसाठी आणलेलं ते पाणी होता होता किसनसिंगच्या पिण्याचंही झालं. एकदा गोडी लागल्यावर विहिरीचं पाणी त्याच्या घशाखाली उतरेना. शेतात जाताना त्याचा तुंबा झिऱ्याच्याच पाण्यानं भरलेला असे. तांड्यातले लोक थट्टा करत, "राजाचं पाणी आलं का, धनी?" एकदा तिच्या टाचांच्या भेगांत तेल भरताना तो म्हणाला, "नोको जात जाऊ एवढ्या लांब. खाईन मी टणक डाळ." दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर घागर घेऊन निघाली. कोणाला कशात सुख असतं ते सांगता येत नाही. तिला त्या घागरीत होतं.

अठ्ठावन्न सालच्या माघात कापसाची गाडी घेऊन दोघं यवतमाळला आली. एकुलता मुलगा देवीलाल, त्याचं लग्न ठरलं होतं, आणि होणाऱ्या सुनेसाठी कापड घ्यायचं म्हणून ती बरोबर आली होती. बाजारात गाडी खाली करता करता किसनसिंगनं छातीवर हात दाबला आणि चाकाला टेकून खाली बसला. सदरा घामानं चिंब. शेजारच्या गाडीवाल्यांनी त्याला उचलून जवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर गुल्हाने. नागपुरात शिकलेले, तिथंच राहिले असते तर मोठ्या हुद्द्यावर गेले असते असं सगळे म्हणत. पण ते यवतमाळला परत आले आणि येताना डोक्यात एक खूळ घेऊन आले. हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्यांच्या रक्तात मॅग्नेशियम नावाचा एक क्षार कमी असतो का, हे त्यांना शोधून काढायचं होतं. म्हणून असा रोगी आला की औषधपाणी सुरू करून ते थोडं रक्त काढून ठेवत. किसनसिंगच्या दंडातूनही त्यांनी ते काढलं.

"हे कायले?" धनीबाईनं विचारलं.

"तपासायला," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं गेले.

किसनसिंग दोन दिवस बरा वाटला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पाणी मागितलं. तिनं दवाखान्याच्या माठातलं पाणी चमच्यानं त्याच्या तोंडात घातलं. त्यानं एक घोट गिळला, दुसरा ओठांवरून खाली जाऊ दिला आणि म्हणाला, "घरचं पाणी नाही हे." डॉक्टर धावत येईपर्यंत संपलं होतं.

त्याच गाडीतून त्याला तांड्यात नेलं. चिता पेटली, राख नदीत गेली, धनीबाईच्या दंडावरच्या पांढऱ्या बांगड्या उतरल्या, दिवसकार्य आटोपलं. आणि मग एका दुपारी ज्वारी पाखडता पाखडता तिचे हात थांबले. सगळा माणूस जळला, पण ते सुईनं काढलेलं रक्त? ते तर यवतमाळलाच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीत बसली. जन्मातली पहिलीच एसटी. दवाखान्यात जाऊन डॉक्टरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "त्याचं जे तुमच्यापाशी राह्यलं ते मले देऊन द्या. मी नेतो."

डॉक्टरांना आधी कळेचना. कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. रक्त देता येणार नाही, त्यावर काम व्हायचं आहे, चाळीस रोगी जमले की सगळ्यांचं एकदम तपासायचं आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि व्हरांड्यात जाऊन बसली. त्या दिवशी बसली, दुसऱ्या दिवशी बसली, तिसऱ्या दिवशीही बसलेली. डॉक्टर चिडले, ओरडले. ती मान खाली घालून ऐके आणि ते आत गेले की पुन्हा सावरून बसे.

शेवटी तोड काढली ती हबीबमियाँनी. तपासणीच्या खोलीतलं सगळं काम हबीबमियाँ पाहत. मनानं मऊ, पण तोंड कायम आंबट. बाटल्या नि नळ्या धुणारी बाई महिन्यापूर्वी काम सोडून गेली होती आणि तेव्हापासून मियाँच्या हातांना सोड्यानं भेगा पडल्या होत्या. "साहेब," ते म्हणाले, "बाई हटत तं नाही. मंग बसल्या जागी काम करू द्या ना तिले."

असं धनीबाईला काम लागलं आणि राहायला मागच्या अंगणातली टिनाची खोली मिळाली. पहिल्याच दिवशी तिनं मियाँना बाटली दाखवायला लावली. रॉकेलवर चालणारं एक बर्फाचं कपाट होतं. त्याच्या वरच्या कप्प्यात करंगळीएवढ्या बाटल्या लाकडी घोडीवर उभ्या होत्या. रक्त नव्हतंच ते. गोठलेल्या रक्तावर दह्याच्या निवळीसारखं जे पिवळट पाणी सुटतं, ते तेवढं काढून गोठवून ठेवलं होतं. चिठ्ठीवर नाव नाही, नुसता नंबर.

"हा," मियाँ म्हणाले. "सतरा."

ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "थंडी लागत असंन त्याले." मियाँनी तोंड फिरवून घेतलं.

तिचं काम चोख. आधी सोड्यानं घासायचं, मग विहिरीच्या पाण्यानं खळखळून धुवायचं, आणि शेवटी तीन वेळा वाफेच्या पाण्यानं, म्हणजे मियाँ भट्टीवर वाफ करून पुन्हा थंड करत त्या पाण्यानं विसळायचं. शेवटचा हात वाफेच्या पाण्याचा, नाहीतर सगळी मेहनत मातीत, हे मियाँनी तिला इतक्यांदा ऐकवलं की पुढं ती त्यांच्या आधीच म्हणू लागली. बर्फाच्या कपाटाचं सगळं तिनं आपणहून अंगावर घेतलं. रॉकेल भरणं, वात कातरणं, काजळी पुसणं. दिवा विझला तर कपाट तापणार आणि कपाट तापलं तर सतरा नंबर नासणार. तीन वर्षांत तो दिवा एकदाही विझला नाही. यवतमाळात एवढं जिवापाड जपलेलं बर्फाचं कपाट दुसरं नसेल.

रोज सकाळी वात कातरून झाली की ती वरचा कप्पा उघडी आणि हलक्या आवाजात तांड्याच्या गोरबोलीत बोले. देवीलालचं लग्न झालं. ढवळ्या बैल विकला. नातू झाला, नाक तुमचंच. या वर्षी बोंडं बरी धरलीत. मियाँ बाहेर खाकरत आणि मगच आत येत. ते तिला कधी काही म्हणाले नाहीत.

देवीलाल महिन्याकाठी यायचा आणि आईवर चिडायचा. "याडी, काय हाय इथं? लोकं मले हासून राह्यले. घरी चाल."

"येतो ना," ती म्हणे. "चाळीस भरू दे."

तिला तांड्याची आठवण येत नसे असं नाही. संध्याकाळी अंगणात बसली की चुलीचा धूर, गाईंच्या घंटा, नदीकडची वाट सगळं डोळ्यांपुढं येई आणि जीव कासावीस होई. पण तांड्यात गेलं की तो तिथं नसे. तो यवतमाळात होता. आणि यवतमाळात असलं की त्याच्याबरोबरची सगळी वर्षं तांड्यात राहिलेली. दोन्हीकडं अर्धंमुर्धंच.

त्या पहिल्या दिवाळीला ती घरी गेली. दिवाळीच्या दिवशी तांड्यात धबुकार करतात. चुलीतले निखारे पुढं ओढून पितरांना हाका मारायच्या, तुपातली लापशी त्यांच्या नावानं निखाऱ्यांवर सोडायची आणि भोवतीनं पाणी फिरवायचं. पाणी तांड्याच्या विहिरीचं, कारण तांडा इथं वसल्यापासून साऱ्यांनी तेच प्यालेलं. देवीलालनं आजा-पणज्यांना हाका मारल्या, मग थांबला आणि पहिल्यांदाच बापाचं नाव घेऊन हाक मारली. सगळ्यांचे डोळे भरून आले. धनीबाई मात्र अस्वस्थ. पोरगा इथं हाका मारतो आहे आणि तो तिकडं कपाटात बसला आहे. त्याच्यापर्यंत पाणी कसं पोचणार?

परतताना तिनं औषधाच्या रिकाम्या बाटलीत विहिरीचं पाणी भरून घेतलं. जितेपणी त्याला ते पाणी आवडत नव्हतं, हे तिच्या मनात आलं. पण आता तो पितर झाला होता आणि पितरांत गेल्यावर नखरे चालत नाहीत, असं तिनं स्वतःला समजावलं. सकाळी खोलीत कोणी नसताना तिनं सतरा नंबरचं बूच काढलं. पाणी द्यायचं तर हाक मारायला हवी, नाहीतर घेणाऱ्याला कळणार कसं? तिनं दारापर्यंत जाऊन कोणी नाही ना ते पाहिलं, परत आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, "किसनसिंग." मग विहिरीच्या पाण्याचे थेंब आत सोडले. ते त्या गोठलेल्या पिवळ्यावर पडले आणि पाहता पाहता गोठून त्याच्यातलेच झाले. त्या दिवशी ती दिवसभर हलकी होती.

एकोणसाठच्या दिवाळीला तिनं हेच केलं, आणि साठच्याही.

एकसष्टच्या चैत्रात चाळिसावा रोगी मिळाला. त्याच महिन्यात मुंबईहून रंग किती गडद ते मोजणारं यंत्र आणि एक पिवळी भुकटी आली. डॉक्टर लहान पोरासारखे खूष झाले. खूष झाले की त्यांना बोलायला माणूस लागे आणि त्या दिवशी समोर धनीबाई होती, नळ्या पुसत.

"ही भुकटी पिवळी असते बघ," ते सांगू लागले. "मॅग्नेशियम भेटलं की तांबडी होते. जितकं जास्त तितकी तांबडी. आणि गंमत ऐक. परदेशातले काही डॉक्टर म्हणतात, ज्या गावचं पाणी जड तिथं हृदयविकारानं माणसं कमी मरतात. जड पाण्यात हाच क्षार असतो ना. ज्यांचं पाणी मऊ, त्यांना तो पाण्यातून मिळत नाही."

धनीबाईचा हात नळीवर थांबला. "मऊ म्हंजे कोणतं पाणी, साहेब?"

"ज्यात साबणाला फेस येतो. डाळ चटकन शिजते. नदीचं, पावसाचं."

डॉक्टर पुढंही बरंच काही बोलले. हे अजून सिद्ध व्हायचं आहे, कदाचित खोटंही ठरेल, असंही बोलले. तिच्या कानात काही शिरलं नाही. साऱ्या तांड्यानं विहिरीचं पाणी प्यालं आणि सारा तांडा जिता होता. धावजी नाईक ऐंशी पार करून अजून काठीशिवाय चालत होता. एकट्या किसनसिंगला तिनं वीस-बावीस वर्षं पाऊण कोसावरून, टाचा फोडून, वाटीवाटीनं मऊ पाणी आणून पाजलं होतं.

पुढचे आठ दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. अन्न गोड लागेना. सकाळी कप्पा उघडला की बोलणं सुचेना. "कमी असंल तं मले सांग," एवढंच ती बाटलीला म्हणाली. तपासणीत ते सगळं पिवळं पाणी संपणार होतं, बाटली रिकामी होणार होती. महिन्याभरापूर्वी तिला हे कळतं तर ती पुन्हा व्हरांड्यात ठाण मांडून बसली असती. आता मात्र तिला तो आकडा हवा होता. आपल्या हातानं आपला माणूस गेला की नाही, हे त्या एका बाटलीशिवाय जगात कोणी सांगू शकत नव्हतं.

तपासणीच्या दिवशी ती भिंतीशी उभी राहिली. मियाँनी कोणाला कधी खोलीत थांबू दिलं नव्हतं, तिला दिलं. नळ्यांमध्ये पिवळा रंग पडला. पहिली किंचित तांबूस झाली, दुसरी तशीच, तिसरी त्याहून फिकी. डॉक्टर यंत्रात पाहून आकडे सांगत आणि मियाँ लिहून घेत. धडधाकट माणसाचा आकडा दोनच्या आसपास यायला हवा. इथं दीड, पावणेदोन, दीड असे येत होते. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर तेज चढत होतं, कारण त्यांना हवं होतं तेच येत होतं. धनीबाईचा चेहरा उतरत होता.

सतरावी नळी केशरी झाली. चाळिसांत तेवढी एकच.

"दोन पूर्णांक नऊ," डॉक्टर म्हणाले आणि यंत्राकडं पुन्हा पाहिलं. "हे काय?" त्यांनी उरलेला थेंबन् थेंब घेऊन तपासणी पुन्हा केली. पुन्हा तेच.

"कमी हाय का, साहेब?" तिनं विचारलं.

"कमी? अगं, सगळ्यांत जास्त आहे. तुझ्या नवऱ्याच्या रक्तात मॅग्नेशियमला तोटा नव्हता."

धनीबाईचा जीव भांड्यात पडला. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा दवाखान्यात सगळ्यांदेखत रडली. मग डोळे पुसले आणि बाकीच्या नळ्याही तपासून झाल्यावर उठून रिकाम्या झालेल्या चाळीस बाटल्या घेऊन मोरीवर गेली. भिजल्यावर चिठ्ठ्या सुटून आल्या. सोडा, विहिरीचं पाणी, शेवटी तीन वेळा वाफेचं. संध्याकाळपर्यंत सगळ्या स्वच्छ होऊन फळीवर पालथ्या पडल्या.

डॉक्टरांना मात्र चैन पडेना. तांड्यात पाणी कोणतं, त्यानं कोणतं प्यालं, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. झिऱ्याचं म्हणताच त्यांनी डोकं खाजवलं. "म्हणजे मऊ पाणी पिऊनही सगळ्यांत जास्त? दोन्ही पाण्यांचा नमुना आणशील?"

ती नाचत गेली म्हणायला हरकत नाही. घरात पाय ठेवताच तिनं देवीलालला सांगितलं, "तुह्या बापाले कायचीच कमी नव्हती. डॉक्टरनं मशिनीत पाह्यलं." मग बाटली घेऊन नदीवर गेली. झिऱ्याची जागा वाळूनं बुजली होती. तिनं हातानं उकरली, गढूळ उपसून टाकलं आणि नितळ येईपर्यंत काठावर बसून राहिली. ऊन डोक्यावर आलं तरी तिला उठावंसं वाटेना. तो असता तर या वेळी शेताच्या बांधावरून तिची वाट पाहत असता. घागर उतरवून घेताना त्याचा हात तिच्या मानेला लागे, तो तिला स्पष्ट आठवला. "पाह्यलं ना," ती पाण्याला म्हणाली, "मी काही वाईट नव्हतं पाजलं." किती दिवसांनी तिला त्याची आठवण अशी धाक न वाटता आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन नळ्यांत दोन पाणी घेऊन भुकटीचा रंग टाकला. झिऱ्याचं पाणी पिवळं ते पिवळंच राहिलं. विहिरीचं मात्र कुंकू कालवल्यासारखं लालभडक झालं.

"बघ," डॉक्टर म्हणाले, "रक्ताच्या चौपट आहे यात. म्हणून तर मियाँ तुला वाफेच्या पाण्यासाठी एवढं छळतो. असल्या पाण्याचे चार थेंब बाटलीत राहिले तर आकडा कुठल्या कुठं जाईल."

धनीबाई त्या लाल नळीकडं पाहत राहिली. तिला एकदम सगळं कळलं. धुण्याचा नियम तिनं जिवापाड पाळला होता; पण पितराला पाणी देणं म्हणजे काही धुणं नव्हे, म्हणून तो नियम तिथं लागू होतो हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो केशरी रंग किसनसिंगच्या रक्ताचा नव्हताच. तो विहिरीचा होता, तिनंच नेऊन घातलेला.

त्या दिवशी ती काही बोलली नाही. का बोलावं? तिला हवं ते उत्तर तिला मिळालं होतं. ते देवीलालला सांगून झालं होतं, नदीला सांगून झालं होतं. कोणी तिला विचारणार नव्हतं, कोणाला कळणार नव्हतं. गप्प बसायला पैसा पडत नाही. पण तिकडं डॉक्टर खुर्चीत मान टाकून बसले होते आणि मियाँना सांगत होते, "हा सतरा नंबर माझ्या सगळ्या म्हणण्याला छेद देतो. पण आहे ते लिहायलाच पाहिजे. लपवून कसं चालेल?" ते तिनं मोरीवरून ऐकलं.

सकाळी तिनं वात कातरली, काजळी पुसली आणि डॉक्टर येताच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, त्या बाटलीत मी पाणी टाकलं व्हतं. इहिरीचं. तीन दिवाळ्या."

मियाँच्या हातातली नळी तिथंच थांबली. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चिडले होते, त्यांचे कान लाल झाले होते. पण तिच्याकडं पाहून त्यांचा आवाज चढला नाही. "काहून टाकलं?" एरवी पुस्तकी बोलणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडून घरची बोली निघाली.

"मरताना पाणी मांगतलं त्यानं. घरचं नाही म्हणे."

"किती थेंब टाकले? आठवून सांग, हिशेब करून पाहतो."

"मोजले नाही, साहेब. पितराले कोनी मोजून पाणी देते का?"

पुन्हा तपासायला आत काही उरलेलं नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं. बाटली धुऊन, तीन वेळा वाफेच्या पाण्यानं विसळून फळीवर पालथी घातलेली होती. धुणारी तीच. त्यांनी वही ओढली आणि सतरा नंबरच्या ओळीवर पेन्सिलीनं रेघ मारली.

"मंग माह्या पाण्यानंच गेला का तो?" धनीबाईनं विचारलं.

"आता ते कोणालाच सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. मग तिला बरं वाटावं म्हणून खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात सांगू लागले. "असं बघ, एका माणसाच्या आकड्यावरून काही ठरत नसतंच. आकडा कमी आला असता, तरी तुझ्या पाण्यानं गेला असं मी म्हटलं नसतं. पुष्कळ माणसं एकत्र पाहावी लागतात, तेव्हा कुठं काही कळतं. एक गेला तरी माझ्या कामाचं फारसं बिघडत नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस."

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग पदरानं तोंड पुसलं.

"तुमचं बराबर हाय, साहेब," ती म्हणाली. "तुमच्यापाशी अजून एकोणचाळीस हायेत. माह्यापाशी तेवढा एकच व्हता."